भिंतीसाठी रचलेलं संगीत

२०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा नृत्यसंगीताच्या विभागात ‘रम्बल’ या गाण्याने बाजी मारली. स्क्रिलेक्स हा अमेरिकी संगीतकार, फ्रेड अगेन हा इंग्लिश संगीतकार आणि फ्लोडॅन हा पूर्व लंडनचा एमसी, अशा तिघांचं हे काम. गाणं अगदी सडपातळ आहे. मोजके ठोके, त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा, फ्लोडॅनचा घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज आणि या सगळ्याच्या तळाशी लांबलचक खर्ज. ते ज्यांनी ऐकलं त्यांतल्या बहुतेकांनी मोबाइलवरच ऐकलं असणार, आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. डबस्टेप या संगीतप्रकारातला खर्ज मात्र तीस ते साठ हर्ट्झच्या आसपास वावरतो. म्हणजे ज्या स्वरावर हे संगीत उभं राहतं, तोच बहुसंख्य श्रोत्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. वरच्या पट्टीत उमटणाऱ्या त्याच्या उपस्वरांवरून कान मूळ स्वराचा अंदाज बांधतो आणि आपण ‘ऐकलं’ म्हणतो.

डबस्टेप आणि त्याच्या भावकीतलं ‘बेस म्युझिक’ नावाने ओळखलं जाणारं संगीत आजही लंडन, ब्रिस्टल, शेफील्ड, इस्तंबूल अशा शहरांतून सतत प्रसिद्ध होत असतं. त्याबद्दल लिहिताना समीक्षक चाल, ठेका, आवाजांचा पोत यांची चर्चा करतात. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. हे संगीत एका विशिष्ट यंत्रासाठी रचलेलं असतं. ते यंत्र म्हणजे माणसापेक्षा उंच रचलेली स्पीकरच्या खोक्यांची भिंत, तिच्यामागचे अँप्लिफायर आणि ते चालवणारी माणसं. या सगळ्याला मिळून साउंड सिस्टीम म्हणतात. तबकडी किंवा फाइल हा त्या संगीताचा आराखडा. इमारत उभी राहते ती भिंतीसमोर. हे एकदा धरून चाललं, की या परंपरेतल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. ही गाणी इतकी रिकामी का, ती एका गतीला का चिकटून राहिली, फाइल फुकटात पाठवता येत असताना लोक पैसे मोजून तबकड्या का कापून घेत होते, या सगळ्याचं उत्तर भिंतीपाशी सापडतं.

भिंत आधी आली आणि संगीत नंतर, हा यातला सर्वांत ठोस पुरावा आहे. गोष्ट जमैकाची राजधानी किंग्स्टनमधली, १९४०च्या दशकाच्या अखेरची. बँड बोलावणं महाग होतं. अमेरिकेतून आलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या त्या मानाने स्वस्त. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या टॉम वाँगने ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या नावाने उघड्या अंगणात तबकड्या वाजवायला सुरुवात केली. त्याचा अँप्लिफायर बांधला हेडली जोन्सने, जो महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचं तंत्र शिकून आला होता. पुढे पोलीसखात्यातून बाहेर पडलेला ड्यूक रीड आणि क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड यांच्या सिस्टीम्समध्ये चुरस लागली. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचा पत्ता लागू नये म्हणून तबकडीवरचं लेबल खरवडून टाकायची पद्धत होती. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतली आवड बदलली, रॉक अँड रोल आलं आणि किंग्स्टनच्या अंगणांना हवा तसा माल मिळेनासा झाला. मग याच सिस्टीमवाल्यांनी स्थानिक गायक-वादकांना गाठून स्वतःच्या भिंतीपुरती गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली. डॉडचा ‘स्टुडिओ वन’ १९६३चा. स्का, रॉकस्टेडी आणि मग रेगे हे सगळं या गरजेतून वाढलं. जगात इतरत्र स्टुडिओने गाणं केलं आणि स्पीकरने ते पोचवलं. इथे स्पीकरने मागणी केली आणि स्टुडिओ उभा राहिला.

डब, म्हणजे तयार गाणं उसवून त्यातला ठेका आणि बेस पुढे आणायची पद्धत; तिचा जन्मही असाच. १९६७-६८च्या सुमारास स्पॅनिश टाउनमधला सिस्टीमवाला रडी रेडवुड ‘ट्रेझर आयल’ स्टुडिओत ‘द पॅरागॉन्स’ या गटाच्या एका गाण्याची चाचणी-तबकडी कापून घेत होता. तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज घालायचा राहिला. रडीने ती बिनआवाजाची तबकडी तशीच नेऊन वाजवली, तर समोरच्या गर्दीने गाण्याची जागा स्वतः भरून काढली. ही उणीव कामाची आहे हे ज्याने पुरतं ओळखलं तो ऑस्बर्न रडॉक ऊर्फ किंग टबी. हा मूळचा रेडिओ, ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा कारागीर, ‘होमटाउन हाय-फाय’ सिस्टीमचा मालक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वॉटरहाउस वस्तीतल्या घरात त्याने एक जुनं मिक्सिंगचं टेबल बसवलं आणि तयार गाणी उसवायला घेतली. गायकाचा आवाज दोन शब्दांपुरता येऊ द्यायचा आणि तोडायचा, गिटारचा एक फटकारा प्रतिध्वनीत सोडून द्यायचा, शेवटी ढोलकाम आणि बेस एवढंच उरवायचं. वाद्यवृंदाचं जोडकाम करणारा तंत्रज्ञ इथे स्वतःच वादक झाला. टबीला हे सुचलं त्यामागे त्याच्या रात्री होत्या, भिंतीमागे उभं राहून बेस बंद केल्यावर गर्दी कशी थबकते आणि तो परत सोडल्यावर कशी उसळते हे पाहण्यात गेलेल्या. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक नृत्यगीतात ‘आता पडणार’ अशी वाट पाहायला लावणारी जागा असते. तिचं मूळ शोधत गेलं तर वॉटरहाउसच्या त्या खोलीपाशी जावं लागतं.

ब्रिटनमध्ये ही परंपरा स्थलांतरितांबरोबर आली. ड्यूक विन नावाच्या जमैकन तरुणाने १९५५ साली लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात पहिली सिस्टीम उभी केली. तेव्हा अनेक क्लब काळ्या माणसांना दारातूनच परतवत. त्यामुळे नाचगाणं घराच्या तळघरात, रिकाम्या खोल्यांत, शाळा-चर्चच्या सभागृहांत व्हायचं, पोलीसही तिथे नियमाने यायचे. या वस्तीत सिस्टीम ही करमणुकीबरोबर बैठकीची जागा होती, बातमीपत्र होती आणि अनेकांसाठी प्रार्थनास्थळही होती. लंडनचा सिस्टीमवाला जाह शाका २०२३मध्ये वारला. तोवर सुमारे पन्नास वर्षं त्याने एकच टर्नटेबल, स्वतःचा प्रीअँप आणि सायरनचा खोका एवढ्या सामग्रीवर रात्रीपासून उजाडेपर्यंत वाजवलं. एकच टर्नटेबल असल्यामुळे दोन गाण्यांमध्ये शांतता यायची. ती कोणाला खटकायची नाही. ब्रिस्टलच्या ‘वाइल्ड बंच’ सिस्टीममधून मॅसिव्ह अटॅक हा गट निघाला आणि १९९१मध्ये त्यांचा ‘ब्लू लाइन्स’ हा अल्बम आला. त्याच दशकात लंडनमध्ये जंगल, ड्रम अँड बेस, यूके गराज हे प्रकार एकमेकांतून फुटत गेले. प्रत्येकात ढोलकाम बदललं. बेसला दिलेला मान तेवढा टिकून राहिला.

डबस्टेपची सुरुवात २०००च्या पुढेमागे, दक्षिण लंडनच्या क्रॉयडन उपनगरातली. तिथल्या सरी स्ट्रीटवर ‘बिग ॲपल’ नावाचं तबकड्यांचं दुकान होतं. हॅचा नावाचा डीजे तिथे काम करायचा, आणि शाळकरी वयाचे स्क्रीम आणि बेंगा तिथे पडीक असायचे. घरच्या संगणकावर ‘फ्रूटीलूप्स’सारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुलं गराजमधून गाणं, चमक आणि लाडिकपणा काढून टाकत होती. उरलेला अंधार ‘फॉरवर्ड’ नावाच्या रात्रींत वाजायचा. ही रात्र २००१मध्ये सुरू झाली आणि पुढे शोरडिचच्या ‘प्लास्टिक पीपल’ या तळघरात स्थिरावली. जागा जेमतेम दोनशे माणसांची, दिवे जवळजवळ नाहीत, पण स्पीकर उत्तम. २००५मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत ‘डीएमझेड’ सुरू केलं. बेसच्या वजनावर ध्यान करायला या, असा त्यांच्या पत्रकांचा सूर असायचा. २००६च्या जानेवारीत बीबीसी रेडिओ वनवर मेरी ॲन हॉब्सने या मंडळींना एकत्र आणून एक कार्यक्रम केला आणि मार्चमधल्या डीएमझेडच्या पहिल्या वाढदिवसाला दाराबाहेर इतकी रांग लागली, की कार्यक्रम त्याच इमारतीतल्या मोठ्या दालनात हलवावा लागला.

त्यांच्या संगीताची मेख लयीत आहे, आणि ती मराठी श्रोत्याला समजायला अवघड जाऊ नये. डबस्टेप मिनिटाला १४० ठोक्यांच्या गतीने चालतं, पण स्नेअरचा ठळक आघात प्रत्येक चार मात्रांत एकदाच, तिसऱ्या मात्रेवर पडतो. त्यामुळे कान सत्तरची ठाय लय धरतो आणि पाय हवं तर दुगुन धरू शकतात. एकाच आवर्तनात दोन्ही लयी नांदतात. कोणती घ्यायची ते नाचणाऱ्याने ठरवायचं. दोन आघातांच्या मधल्या त्या लांब फटीत बेसची एक लाट पूर्ण उठून पूर्ण विरायला वेळ मिळतो. ठोके दाट केले तर लाट गुदमरते. मालाच्या ‘अँटी वॉर डब’मध्ये किंवा लोफाच्या सुरुवातीच्या कामात जो ‘काहीच घडत नाही’ असा भास होतो, तो हेडफोनवरचा भास आहे. त्या काही न घडण्याच्या जागेत दालनभर खर्ज फिरत असतो.

इथे थोडं पदार्थविज्ञान लागतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पन्नास हर्ट्झच्या स्वराची एक लहर त्यामुळे जवळजवळ सात मीटर लांब होते. एवढी लहर जोमाने उठवायची तर हवेचा मोठा साठा ढकलावा लागतो. म्हणून अठरा इंची वूफर आणि लाकडी खोक्याच्या पोटात घडी घालून बसवलेले लांब कर्णे. दुसरा मुद्दा कानाचा. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३मध्ये दाखवून दिलं, की आवाज लहान केला की आपल्या कानांतून सर्वांत आधी खर्ज गळतो. मधल्या पट्टीतलं बोलणं, गाणं ऐकू येत राहतं, तळ मात्र नाहीसा होतो. म्हणून ‘तेच गाणं जरा हळू लावा’ ही विनंती इतर संगीताला लागू पडते, इथे पडत नाही. आवाज कमी केला की गाणं लहान होत नाही, वेगळंच होतं. शंभर हर्ट्झच्या खालचा जोरकस स्वर छाती, पोट, कातडीलाही जाणवतो. ढोल-ताशाच्या पथकाजवळ उभं राहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको. साउंड सिस्टीमने त्या जाणिवेला स्वर दिला, एवढंच. ढोलाचा धक्का क्षणात संपतो. इथे बेस सुरात असतो, चाल चालतो, घसरतो, थरथरतो.

गाणं भिंतीसाठी रचलं जातं याचा आणखी एक पुरावा डबप्लेटचा. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर देऊन त्यावर एकुलती एक प्रत कापायची. अशी तबकडी मऊ असते, काही डझन वेळा वाजवली की झिजते. डबस्टेपवाल्यांची ही कामं दक्षिण लंडनच्या फॉरेस्ट हिलमधल्या ‘ट्रान्झिशन’ स्टुडिओत जेसन गॉझ करून द्यायचा. एखादा मुलगा आठवडाभर गाणं करायचा, ते कापून घ्यायचा, शनिवारी भिंतीवर वाजवायचा. गर्दी उसळली आणि ‘परत’ म्हणून ओरडली, की सुई उचलून तबकडी मागे फिरवायची आणि गाणं पहिल्यापासून. गर्दी नुसतीच उभी राहिली तर सोमवारी दुरुस्ती. गाणं बाजारात येण्याआधी महिनोन्‌महिने असं तासलं जायचं. कापणाऱ्या कारागिराचाही त्यात वाटा असे. खर्जाला खाच रुंद लागते. बेस डाव्या-उजव्या बाजूंत विभागून ठेवला तर सुई उडते, म्हणून तो मधोमध एकवटायचा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं ठेवलं आणि ती मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरवली, तर खाचेला ऐसपैस जागा मिळते. या संगीताचं जे ‘रूप’ म्हणून ओळखलं जातं, त्यातला बराच भाग असा यंत्राच्या अटींनी आणि लोकांच्या प्रतिसादाने ठरलेला आहे. संगीतकार घरी एकटा बसून काम करतो हे खरं. त्याच्यावर संपादक मात्र तीनशे बसलेले असतात, आणि तेही अंधारात.

आता आक्षेप. पहिला असा, की हा सगळा सोवळेपणा आहे. डबस्टेपला जगभर नेलं ते भिंतीने नव्हे, लॅपटॉपच्या स्पीकरवरही कान फाडणाऱ्या स्क्रिलेक्ससारख्यांनी. २०१०मध्ये त्याचं ‘स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’ आलं, खर्जाची लाट मधल्या पट्टीत चढवून तिची किंचाळी केली गेली, आणि अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये डबस्टेप पोचलं. लाखो तरुणांना ज्यात आनंद मिळाला त्याला हिणवायचं कशाला? हिणवण्याचं कारण नाहीच. पण झालेला बदल पाहण्यासारखा आहे. आवाज सब-बेसमधून मधल्या पट्टीत चढला त्याचं एक कारण सरळ आहे: तिथे तो कोणत्याही स्पीकरवर वाजतो. श्रोत्याचं यंत्र बदललं, म्हणून गाणं बदललं. म्हणजे माझ्याच मुद्द्याला ही साक्ष आहे. पुढे तोच स्क्रिलेक्स ‘रम्बल’मध्ये ठोके विरळ करून, किंचाळी गाळून, फ्लोडॅनला बोलावून आला. फ्लोडॅन हा २००८मध्ये ‘द बग’ या संगीतकाराच्या ‘लंडन झू’ या अल्बमवर आधीच गरजलेला, लंडनचं रॅप म्हणजे ग्राइम आणि जमैकाचं डान्सहॉल यांच्या मुशीतला माणूस. लोकप्रियतेच्या शिखरावरून परत येताना रस्ता भिंतीकडूनच काढावा लागला, हे मला पुरस्कारापेक्षा बोलकं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. डबस्टेपमधला सर्वांत नावाजलेला अल्बम कोणता, तर बरियलचा २००७चा ‘अनट्रू’. बरियलने मंचावरून कधीच वाजवलं नाही, आणि तो अल्बम लोकांनी रात्रीच्या बसमध्ये, पावसात, हेडफोन लावून ऐकला. तिथे भिंत कुठे आहे? ‘अनट्रू’त ती आठवणीच्या रूपात आहे, असं म्हणून सुटका करून घेता येते. त्यातले आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे बोथट झालेले आहेत, जणू रात्र संपल्यावर घरी निघालेल्याच्या कानात उरलेले. पण ही पळवाट आहे हे कबूल केलं पाहिजे. सरळ उत्तर हे, की परंपरा पुरेशी मुरली की तिच्या साधनाशिवायही तिच्यात रचना करता येते. ‘अनट्रू’ हे तसं काम आहे. त्यावरून नियम करायला गेलेल्यांची मात्र फसगत झाली. बरियलच्या नकला ढिगांनी आल्या आणि जवळजवळ सगळ्या विसरल्या गेल्या. त्याच वर्षांत माला ‘डीप मेडी’ हे लेबल चालवत होता, जे २००६पासून आजतागायत भिंतीचा विचार करून गाणी काढतं आहे आणि ज्याने शंभर तबकड्यांचा टप्पा कधीच ओलांडला.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात पहिल्या परिच्छेदापासून असणार: हे म्हणजे विसर्जन मिरवणुकीतली डॉल्बीच ना? खोक्यांची भिंत, छाती हादरवणारा बेस, खिडक्यांच्या काचा थरथरणं, सगळं तेच. कोल्हापूर-सातारा-सांगलीत डॉल्बीमुक्त उत्सवासाठी मोहिमा होत असताना त्याच गोष्टीचं लंडनहून कौतुक कसलं आणायचं? साम्य वरवरचं नाही, हे मान्य करायला हवं. दोन्हीकडे गर्दीला आपली जागा मोठ्या आवाजात सांगायची असते. फरक आहे तो आवाज कोणत्या पट्टीत आणि कोणासमोर यात. बऱ्या साउंड सिस्टीमचा ऑपरेटर प्रत्येक पट्टीला वेगळे अँप्लिफायर आणि खोकी देतो, मधला आणि वरचा भाग स्वच्छ ठेवतो, आणि समोर उभं राहून बोलणं शक्य असावं यात त्याची इभ्रत असते. फाटलेला, तारसप्तकातला कल्लोळ कानाला सर्वांत बोचतो, कारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टापूत आपला कान सर्वांत हळवा असतो. शिवाय लंडनची अशी सिस्टीम बहुधा बंद दालनात वाजते आणि समोर येणारा स्वतःहून येतो. मिरवणूक मात्र आजाऱ्याच्या खिडकीखालूनही जाते. याचा अर्थ सिस्टीम निर्धोक आहे असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. बऱ्याच रात्री ती ओलांडतात, आणि या वर्तुळात इअरप्लग आता लाजेची गोष्ट राहिलेली नाही. जमैकानेही १९९७मध्ये आवाजनियंत्रणाचा कायदा केला.

इथे एक तांत्रिक गंमत आहे, जिच्याकडे आपल्या वादांत कोणी बघत नाही. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ती ‘ए’ मापाने मोजायची. हे माप माणसाच्या कानाच्या लहान आवाजातल्या सवयीवर बेतलेलं, म्हणून खर्जाला ते फार कमी धरतं. काचा थरथरवणारा बेस मीटरवर सौम्य दिसू शकतो. पण खर्ज तर भिंतीतूनही आरपार जातो. म्हणजे ज्या आवाजाची तक्रार सर्वाधिक, तोच मोजणीत सर्वांत कमी. आणि कायदा कोणावर चालतो हाही प्रश्न आहेच. लंडनच्या पोलिसांचा ‘फॉर्म ६९६’ हा कार्यक्रमांच्या परवानगीचा नमुना कोणत्या प्रकारचं संगीत वाजणार, हे विचारायचा. काळ्या तरुणांच्या कार्यक्रमांना त्याचा फटका बसतो अशी तक्रार वर्षानुवर्षं झाली, तेव्हा २०१७मध्ये तो रद्द करावा लागला. आपल्याकडेही कोणत्या मिरवणुकीचा आवाज आधी खटकतो आणि कोणत्या मिरवणुकीचा ‘उत्साह’ ठरतो, हे एकदा प्रामाणिकपणे तपासायला हरकत नाही.

भारतात या परंपरेचा थेट धागा बारीक आहे, पण आहे. दिल्लीच्या तरु दालमियाने, म्हणजे ‘दिल्ली सल्तनत’ने, ‘बीएफआर’ नावाची जमैकन धर्तीची सिस्टीम उभी केली आणि ती राजकीय बोलण्याचं साधन म्हणून वापरली. ‘रेगे राजाज’ या मंडळींनी २०१६पासून गोव्यात ‘सनस्प्लॅश’ हा महोत्सव भरवला. ‘न्यूक्लिया’ म्हणजे उदयन सागर. त्याने डबस्टेपचा बेस आणि रस्त्यावरच्या बँड-ताशाचा ठेका यांची सांगड घातली. त्याचा २०१५चा ‘बास रानी’ त्यातला गाजलेला. पण न्यूक्लियाचं संगीत मिरवणुकीचं आहे, ध्यानाचं नाही. स्क्रिलेक्सच्या २०१०च्या शाखेशी त्याचं नातं जवळचं. लंडनमध्ये मात्र विवेक नावाच्या भारतीय वंशाच्या संगीतकाराने, इंग्रजी अक्षरांमध्ये टिंबं देऊन तो हे नाव लिहितो, ‘सिस्टीम’ याच नावाच्या रात्री आणि लेबल सुरू केलं, आणि त्यासाठी स्वतःची खोकी उभी केली. ‘प्लास्टिक पीपल’ २०१५च्या जानेवारीत बंद झालं. चांगल्या स्पीकरची लहान तळघरं एकेक करून मिटत असताना स्वतःची भिंत बांधून घेणं हा त्याचा हिशोब बरोबर होता.

तरी माझ्या मताची सर्वांत कच्ची बाजू समीक्षकांनी नव्हे, याच वर्तुळातल्या नव्या गाण्यांनी उघडी पाडली आहे. भिंत उत्तम असली की साधारण गाणंही भव्य वाटतं. अठरा इंची वूफरवर पन्नास हर्ट्झची नुसती एक रेघ ओढली तरी अंगावर काटा येतो, आणि त्या काट्याचं श्रेय रचनेला मिळून जातं. त्यामुळे दरमहा येणाऱ्या ‘१४०’च्या गाण्यांत मोठा भाग २००६ची तंतोतंत आरास आहे: तोच अंधार, तोच एकाकी स्नेअर, कुठल्याशा जुन्या जमैकन तबकडीवरून उचललेली तीच आरोळी. भक्ती आहे, बुद्धी कमी पडते. किंग टबीने हातात आलेलं गाणं उसवलं होतं. हे लोक टबीला जपून ठेवतात. यातून निसटलेली कामं वेगळी दिसतात, आणि नेमकी तीच लहान स्पीकरवरही काहीतरी देऊन जातात. शेफील्डचा कमोडो आणि इस्तंबूलचा गँट्झ यांच्या गाण्यांत ठेका लंगडतो, मध्येच विनोद डोकावतो. ब्रिस्टलच्या कान आणि नीक या जोडीने रेगेच्या डबप्लेटची जुनी पद्धत ग्राइमच्या कडक आवाजांशी जोडली. ओम युनिटच्या २०२१च्या ‘ॲसिड डब स्टडीज’मध्ये ॲसिड हाउसमधलं, किरकिरत वळवळणारं बेस-यंत्र टबीच्या प्रतिध्वनीत सोडलं आहे आणि १४०चा आग्रहच नाही. २०२४मध्ये ‘द बग’च्या ‘प्रेशर’ लेबलवर घोस्ट डब्ज या जर्मन संगीतकाराचा ‘डॅमेज्ड’ आला. त्यात ठेका इतका मंद आणि धुकट आहे, की गाणं सुरू झालं हे कळायला वेळ लागतो. वर सगळा खरखराट आणि धूळ, खाली जवळजवळ न हलणारा खर्ज. हा अल्बम डबस्टेप नाही असं काही जण म्हणतील. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि गेल्या काही वर्षांत डबस्टेपच्या नावाने आलेल्या बहुतेक तबकड्यांपेक्षा भिंतीचा उपयोग त्यालाच जास्त कळला आहे.